मदत हवी आहे : गिरणी कामगारांच्या मुलाखतींत पाठ झालेल्या कथनापलीकडे कसे जावे?

समोरच्याला प्रश्न विचारत राहण्याची माझी लहानपणापासूनची खोड आता व्यवसाय झाली असून, सध्या मी लालबाग-परळमधील निवृत्त गिरणी कामगारांच्या मौखिक इतिहासासाठी मुलाखती घेत आहे. अडचण अशी की, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपापाशी आले की बहुतेक जण संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार आणि गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल हा ठरलेला क्रम सभेत बोलावे तसा सांगतात. साचेखात्यातील (कापड विणण्याच्या विभागातील) गोंगाट, खानावळीतले जेवण किंवा पाळीनुसार एकाच खोलीत आळीपाळीने झोपणे मात्र दोन वाक्यांत आटोपते. (त्यांचे तरी काय चुकले? हेच प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे विचारले गेले आहेत.)

आधी अनौपचारिक गप्पा, दुसरी भेट आणि जुनी छायाचित्रे हे उपाय करून पाहिले. छायाचित्रांचा थोडा उपयोग झाला. लेखी संमती घेतलेली असते, ध्वनिमुद्रण टाळता येत नाही आणि वयामुळे एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बोलता येत नाही. घरची मंडळी शेजारीच बसतात, हेही खरे.

अशा वेळी ते कथन पूर्ण होऊ द्यावे की मध्येच थांबवून कामाच्या एखाद्या बारीक तपशिलाकडे वळवावे, आणि वळवायचे झाल्यास सांगणाऱ्याचा मान न दुखावता पहिला प्रश्न नेमका कोणता विचारावा?