विममध्ये पेस्ट केलेला कोड उजवीकडे का सरकत जातो?

जळगावकर: टर्मिनलमधून विम हा एडिटर उघडून पायथॉनचा कोड पेस्ट केला, की आतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा आणखी आत जाते. जिन्याच्या पायऱ्याच. टाइप करताना सगळं ठीक असतं.

भुसावळी: पेस्ट आहे हे विमला कळत नाही भो, त्याला वाटतं तुम्हीच टाइप करताय. ऑटोइंडेंट, म्हणजे आपोआप समास सोडणारी सेटिंग, मागच्या ओळीचा समास पुढे आणतं आणि कोडच्या स्वतःच्या स्पेस त्यावर चढतात. आधी कोलन देऊन ‘सेट पेस्ट’, काम झालं की ‘सेट नोपेस्ट’. दुसरं विसरलात तर टॅबच्या जागी स्पेस घालणारा एक्सपांडटॅबही बंद राहतो, खरे टॅब घुसतात, आणि मग टॅबएररला, म्हणजे टॅब-स्पेस मिसळल्याच्या पायथॉनच्या एररला, आमंत्रण.

धुळेकर: विम ८ पासून ब्रॅकेटेड पेस्ट आहे, म्हणजे हे पेस्ट आहे असं टर्मिनलच विमला सांगतं. टर्मिनलची साथ असेल तर ही कटकटच नाही.

जळगावकर: बिघडलेली फाइल जीजी, बरोबरचं चिन्ह, मोठा जी देऊन, म्हणजे विमकडून सगळ्या फाइलचं इंडेंट पुन्हा लावून, सुधारेल?

भुसावळी: सी भाषेची सुधारेल. पायथॉनची नाही, कोणती ओळ इफच्या आत हे इंडेंटच ठरवतं, ते विमने कुठून ओळखावं? यू दाबून पेस्ट मागे घ्या, पुन्हा करा.

धुळेकर: नुसते टॅब मिसळले असतील तर टॅबस्टॉप ४, एक्सपांडटॅब, मग ‘रीटॅब’, म्हणजे टॅबच्या जागी स्पेस येतात. मेकफाइलवर (‘मेक’ची कामांची यादी असलेली फाइल) मात्र चुकूनही नको, तिथे कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो.