परदेशातलं महिला मंडळ : कोण आलं, कोण चाललं

दोहा (धागा मीच काढतेय)

जून लागला की आमच्या मंडळात केकची ऑर्डर आणि भेटीची वर्गणी एवढेच दोन विषय उरतात. शाळांना सुट्टी लागली की ज्यांना कायमचं निघायचं त्या निघतात. ऑगस्टअखेरीस नवी कुटुंबं उतरतात, तेव्हा बाहेर पारा चाळिशीपार असतो आणि नव्या बाईला वाटतं, कुठे येऊन पडले मी! इथलं नागरिकत्व काही मिळत नाही. नवऱ्याची नोकरी तोवर आपला व्हिसा. म्हणजे प्रत्येकीचा निरोपसमारंभ ठरलेलाच, फक्त तारीख पडायची असते.

यंदा यावरून मंडळात दोन तट पडलेत. एकींचं म्हणणं, दर वेळी हॉटेल आणि भेटवस्तू परवडत नाही. दुसऱ्या म्हणतात, मग मंडळ कशाला? तुमच्याकडे काय पद्धत आहे? आंतरराष्ट्रीय क्लबवाल्यांनीही लिहा. तक्रारी चालतील, नावं नकोत.

मस्कत

आमच्याकडे निरोप म्हणजे ओटी. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं इथल्या रुवी भागात मिळतं. मैत्रीण इथूनच ऑस्ट्रेलियाला चालली असेल तर नारळाची पंचाईत होते. तिकडच्या विमानतळावर झाडापानाचं आणि खाण्याचं सगळं दाखवावं लागतं, लपवलं तर दंड. मग ओटी भरायची आणि तोच नारळ फोडून नारळीभात करायचा. तिची भांडी खोक्यात गेलेली असतात, म्हणून पातेलं आपलं न्यायचं.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. आमच्या एका सभासदाचे यजमान अचानक गेले. व्हिसा त्यांच्या नावावर, त्यामुळे तिला दुःख करायलाही सवड नव्हती. बँक, शाळा, घरमालक, सगळं आवरून निघायचं होतं. निरोपाला ओटीचं ताट तयार होतं आणि कोणी पुढे होईना. शेवटी आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी उठल्या, तिला पाटावर बसवलं आणि कुंकू लावून ओटी भरली. कोपऱ्यात थोडी कुजबुज झाली. मावशी एवढंच म्हणाल्या, “इतकी वर्षं हिच्या हातचं खाल्लंत ना?” तेव्हापासून आमच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकीची ओटी भरतात. विचारत नाहीत.

रियाध, आता नागपूर

आमच्याकडे तर 2017 नंतर निरोपांची रांगच लागली होती बाप्पा. सौदीनं जुलै 2017 पासून घरातल्या प्रत्येक अवलंबित माणसामागे महिन्याला 100 रियाल फी लावली आणि दर वर्षी आणखी शंभरनं वाढवत 2020 ला 400 वर नेली. बायको आणि दोन मुलं असली तर हिशेब करून पाहा. पुरुष मागे राहिले, बायकामुलं ‘फायनल एक्झिट’वर, म्हणजे कायमची, परत. मंडळात आठवड्याआड कुणाचं तरी पॅकिंग. शेवटी शेवटी तर निरोप द्यायला माणसंच कमी पडत होती.

त्याआधीचं स्वागत सांगते. बाईला गाडी चालवायची परवानगी जून 2018 मध्ये मिळाली. तोवर कंपाउंडची, म्हणजे आमच्या कुंपणातल्या वसाहतीची, बस हाच आधार. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी कोणी हारतुरे देत नव्हतं. बस किती वाजता सुटते, कोणत्या दुकानाशी थांबते आणि नमाजच्या वेळी दुकानं बंद व्हायची तेव्हा कुठं बसायचं, एवढं सांगायचं आणि तिच्या शेजारची सीट धरायची. याच्याहून चांगलं स्वागत मी पाहिलं नाही.

टोकियो, निशिकासाई

इथे निरोपाला सायोनारा सेल, म्हणजे जाणारीच्या सामानाची विक्री, जोडूनच येतो. जपानमध्ये मोठं सामान टाकायलाही पैसे पडतात, सोफ्यासाठी वॉर्डाचं स्टिकर विकत घेऊन चिकटवावं लागतं. त्यामुळे जाणारी बाई कपाट फुकटातही द्यायला तयार असते आणि नवीन आलेलीचं घर अर्धंअधिक असंच लागतं. माझ्या स्वयंपाकघरातला राइस कुकर माझ्याकडे यायच्या आधी दोघींकडे होता म्हणे, आणि त्यातल्या एकीला मी कधी भेटलेलेही नाही.

11 मार्च 2011 नंतर मात्र सगळं विस्कटलं. भूकंप, मग फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राची बातमी. मिळेल त्या विमानानं लोक निघाले. काही जणी “दोन आठवड्यांनी येते” म्हणून गेल्या आणि आल्याच नाहीत. एकीची किल्ली बरेच दिवस माझ्याकडे होती, तिच्या कुंड्यांना पाणी घालायला. पुढे घर रिकामं आम्हीच केलं. तिचा निरोपसमारंभ करायचा राहिला, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी कोणाला हौसही नव्हती.

द हेग, नेदरलँड्स

मी मराठी मंडळात नव्हते, आंतरराष्ट्रीय महिला क्लबात होते. तिथे नव्या सभासदांसाठी वेगळी सकाळची कॉफी आणि सोबतीला एक जुनी सभासद नेमून दिलेली. मला मिळालेल्या ब्राझीलच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला सायकलवर बसवलं. निरोपाला ठरलेली निळी डेल्फ्ट टाइल. भाषण दोन मिनिटांचं, रडारड नाही, वेळेवर सुरू, वेळेवर बंद. आपल्याकडच्या तीन तासांच्या कार्यक्रमापेक्षा मला ते बरं वाटलं. रागावू नका.

गंमत माझ्याच बाबतीत झाली. परदेशी कर्मचाऱ्यांना पगारातला 30 टक्के भाग करमुक्त मिळायचा. ती सवलत 2019 मध्ये आठऐवजी पाच वर्षांवर आणली. आमचं गणित कोलमडलं, जायचं ठरलं, टाइल मिळाली. मग नवऱ्याला तिथेच दुसरं काम मिळालं आणि आम्ही राहिलो! पुढच्या कॉफीला गेले तर सगळ्या बघतच राहिल्या. टाइल परत देऊ केली, घेतली नाही.

कुवेत, आता ठाणे

तुमचे सगळ्यांचे निरोप वाचून हेवा वाटला. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा आल्या. मंडळातल्या निम्म्या बायका सुट्टीला भारतात, निम्म्या तिथे अडकलेल्या. आम्ही बसनं बगदादमार्गे अम्मानला पोहोचलो, तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबई. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय असे परतले. त्या गर्दीत आपल्या गणपतीच्या आरासवाल्या बायका शोधत होते, एकच सापडली. तिच्याकडे बिस्किटांचा पुडा होता, माझ्याकडे पाणी. बाकीच्यांचे पत्ते जुळवायला पुढे दोन वर्षं पोस्टकार्डं लिहावी लागली.

दुबई

2020 चा निरोप करोनामुळे झूमवर. इथे व्हॉट्सॅपचे कॉल चालत नाहीत. मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी गेली, भारतीयांना परत नेणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेच्या विमानात नंबर लागला आणि दोन दिवसांत निघाली. पडद्यावर सगळ्या एकदम बोलत होत्या, काही कळत नव्हतं.

आता माझी तक्रार: गेलेल्यांना मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ठेवायचं की नाही? आमची अॅडमिन सहा महिन्यांनी काढून टाकते. पुण्याला परतलेल्या एकीला काढलं तेव्हा तिचा मला फोन आला, आवाज कापत होता. नियम बरोबरही असेल. मला तो आवडत नाही.

मस्कत

@दुबई, आम्ही दोन ग्रुप केले. एक कार्यक्रमांचा, एक ‘माहेर’. माहेरातून कोणी कोणाला काढत नाही. गप्पा तिथेच जास्त होतात.

पुणे

मी अजून कुठल्याच मंडळात नाही. ऑगस्टमध्ये दोह्याला येतेय, दोन मुलं आहेत. काय काय आणू?

दोहा (धागाकर्ती)

लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले आधी परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग कतारच्या दूतावासाकडून शिक्के मारून आण. शाळेच्या दाखल्यांचंही आधी शाळेला विचारून घे. कुकर इथे मिळतो. पोळपाट आवडीचा असेल तर आण. खसखस मात्र चिमूटभरसुद्धा नको, अनारशांसाठीही नाही, इथे तिच्यावर बंदी आहे. विमानाची तारीख कळव, गाडी घेऊन येते.