सुपर रोबोट वॉर्स: डावपेच की नुसता अल्बम?

नाना_जॉयस्टिक: 'सुपर रोबोट वॉर्स ३०' हा व्हिडिओ गेम महिनाभर खेळलो. स्पष्टच सांगतो, याला डावपेचांचा खेळ म्हणवत नाही. लग्नाचा अल्बम आहे हा! १९७२ च्या माझिंगर झेडचं घराणं आणि १९७९ च्या गंडमचं घराणं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांतले रोबोट, एका पटावर बसवलं, की चाहते फोटो बघत बसतात. 'फोकस' (नेम आणि चपळाई वाढवणारी पायलटची खास आज्ञा) लावून एक चपळ गंडम पुढे सोडा; शत्रूचे नेम हुकत राहतात, तो एकटाच सगळ्यांना लोळवतो. डोकं लागलं कुठे?

रविवारचा_पायलट: नाना, तसाच माझिंगर सोडून बघा बरं. तो वार चुकवत नाही, छातीवर झेलतो. माझिंगरसारखा सुपर रोबोट म्हणजे जाड चिलखत, गंडमसारखा रिअल रोबोट म्हणजे पातळ पत्रा आणि चपळाई. दोन परंपरांचा फरक थेट आकड्यांत उतरलाय. आणि मोराल, म्हणजे लढायचा जोश? पायलटचं मोराल साधारण १०० पासून सुरू होतं, शत्रू पडतील तसं चढतं. ते चढल्याशिवाय सगळ्यांत जबर अस्त्र हाताला लागत नाही. हीरो शेवटचं अस्त्र पहिल्याच मिनिटाला का काढत नाही, हा आपला जुना प्रश्न. त्याचं उत्तर या लोकांनी नियमातच बसवलं.

नाना_जॉयस्टिक: मोरालची कल्पना भारी, मान्य. पण 'व्हॅलर' ही आज्ञा लावली की फटका दुप्पट, 'स्ट्राइक' लावलं की नेम चुकणं नाही. बॉसचा, म्हणजे मुख्य शत्रूचा, फुसका बार. आपला रोबोट पडला तरी पुढच्या मोहिमेला टुणटुणीत हजर. हरायची भीतीच नाही, मग डावपेच कसले?

गेमबॉयवाली: मध्येच बोलते. या मालिकेचा पहिला भाग १९९१ चा, गेम बॉय या हातात धरायच्या छोट्या यंत्रावरचा. इवलासा पडदा, रंग नाहीत, पायलटसुद्धा नाहीत; रोबोटच जिवंत पात्रं. शत्रूशी बोलून त्याला आपल्याकडे फितवता यायचं! तिथे अल्बम म्हणून बघण्यासारखं होतं काय? चमचमाट नंतर आला. नानांचं भांडण त्या चमचमाटाशी आहे, खेळाशी नाही.

रविवारचा_पायलट: अगदी. नाना, एक्स्पर्ट पातळी लावा, लढाईची ॲनिमेशन बंद करा आणि मग सांगा.

नाना_जॉयस्टिक: ॲनिमेशन बंद? मग पैसे कशाचे दिले मी!

गेमबॉयवाली: 😄 नाना, अल्बम कोण बघतंय मग?