मदत हवी आहे: बाळ झाल्यापासून बायकोशी बोलायला गेलं की भांडणच

शिरोलीकर
घरी पोचलो की सुरू. तिचं "तुला काय कळतंय", मग माझंही तोंड सुटतं. मदत केली तरी चुकतं, गप्प बसलं तरी चुकतं. नेमकं काय करायचं तेवढं सांगा. "वेळ द्या, समजून घ्या" असलं नको.

मंगळवार_पेठ
भावा, बाळ केवढं? घरात कोण कोण हाय? तुझी कामाची पाळी कुठली? दूध अंगावरचं का वरचं?

माईआजी
अजून दोन महिने माहेरी पाठवा. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू झाले की चिडचिड जाते. बाळाला गुटी चालू केली का?

उचगाव_नर्स
माईआजी, गुटी नको. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. आणि बंद खोलीत शेगडी तर अजिबात नको.

शिरोलीकर
गुटीचं कोणी विचारलंय? बाळ अडीच महिन्यांचं, दूध अंगावरचं. सेकंड शिफ्ट, ३ ते ११, घरी पावणेबारा. आई असते.

मंगळवार_पेठ
हे आधी सांगायचं की! मग पावणेबाराला विषयच काढू नको. तिची झोप तुटलेली, तू दमलेला. आधी झोप वाटून घ्या. ९ ला पाजून तिनं झोपायचं, बाळ आजीकडं. १२ चं दूध तू पाजायचं, सकाळी काढून ठेवलेलं. २ वाजता ती उठेल. सलग पाच तास झोप मिळाली की निम्मी भांडणं कमी होतात.

उचगाव_नर्स
२ च्या पुढे ताणू नका. दूध साचून छाती दगडासारखी होते, गाठ धरते, ताप येतो. काढलेलं दूध फ्रीजमध्ये ४ दिवस, दाराच्या कप्प्यात नाही, आत मागे. बाहेर फार तर ४ तास, उन्हाळ्यात त्याहून कमी. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करा, गॅसवर थेट नको. उष्टं उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा.

गंगावेस_कट्टा
वाटी-चमच्यानं निम्मं दूध दुपट्यावर सांडतं. बाटलीच द्या.

उचगाव_नर्स
बाळाला उभं धरून चमचा ओठाला टेकवला, ओतला नाही, तर सांडत नाही. घाई केली की ठसका.

शाहूपुरी_ताई
वेळापत्रकानं भागणार नाही. दादा, तुम्ही विचारून-विचारून काम करता, म्हणजे डोकं तिचंच चालू. एक काम पुरतं उचला. १४ व्या आठवड्याची लस: तारीख, कार्ड, रिक्षा, ताप आला तर काय द्यायचं हे डॉक्टरांना विचारणं, सगळं तुमचं. तिनं आठवण करायची नाही.
बोलणं दुपारी जेवणानंतर, शिफ्टच्या आधी, १५ मिनिटं. फोन बाहेर. आधी ती बोलेल, तुम्ही उपाय सुचवायचा नाही. मग तुम्ही. "तू नेहमी" नको. "काल रडताना बाळ हातातून घेतलंस, वाईट वाटलं" असं एकच. बिलं, डायपर कागदावर लिहून फ्रीजला लावा, त्या पंधरा मिनिटांत नकोत.

गंगावेस_कट्टा
तिला रंकाळ्यावर फिरवून आण, भेळ खायला घाल. झालं.

शाहूपुरी_ताई
भेळ खाऊन परत तीच रात्र. पण एक विचारायचं राहिलं. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही, रडू येतं, कशातच मन नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त आहे का? मग ते भांडण नव्हे, आजार असू शकतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, किंवा १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन, फुकट आहे, मराठीत बोलतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी.

शिरोलीकर
रडते अधूनमधून. झोपेचं विचारतो. आणि ते... जवळ येण्याचं?

उचगाव_नर्स
सहा आठवड्यांनंतरची तपासणी झाली असेल आणि तिची इच्छा असेल तर हरकत नाही. अंगावर पाजताना कोरडेपणा येतो, दुखतं, म्हणून ती टाळत असेल. पाण्याचं वंगण-जेल वापरा. पाळी आली नाही म्हणजे दिवस जात नाहीत असं धरू नका, त्यातून रात्रीचं एक पाजणं चुकवणार आहात, म्हणजे पाजण्यामुळे मिळणारा आडोसाही कमी. निरोध किंवा तांबी, डॉक्टरांना विचारून.

शिरोलीकर
बरं. दूध काढायचा पंप हाताचा घेऊ का लाईटवरचा?

मंगळवार_पेठ
दिवसातून एकदाच काढायचं तर हाताचा बास.

उचगाव_नर्स
कप तिच्या मापाचा बघून घ्या, लहान पडला की चिरा पडतात. भाड्याचा आणलात तर कप आणि नळी नवीच.