ऑनलाइन मापाचे कपडे शिवणाऱ्या कंपनीच्या बोर्डावर नेमकी कसली माणसं असावीत?

इस्त्रीची_घडी
मंडळी, मित्राची पुण्यात छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे. साइटवर माप टाका, कापड निवडा, शर्ट नाहीतर कुर्ता घरपोच. डायरेक्टर सध्या दोघंच, तो आणि बायको. आता एक जण पैसे घालतोय आणि त्याचं म्हणणं की माझा एक माणूस बोर्डावर घ्या आणि शिवाय बाहेरचे अजून एक-दोन अनुभवी आणा. मित्राने यादी दाखवली त्यात बँकेतून रिटायर झालेले एक काका, एक आयआयटी-आयआयएमवाला, एक डिजिटल मार्केटिंगवाला आणि चौथ्या एक बाई ज्या पूर्वी लहान मुलांचे कपडे एक्स्पोर्ट करायच्या. लिंक्डइन बघावं तर सगळेच स्ट्रॅटेजिक लीडर, कुणाला काय येतं ते कळायला मार्ग नाही. मित्राचा ओढा मार्केटिंगवाल्याकडे आहे कारण ऑर्डरी वाढवायच्यात. बाहेरच्या देशात अशा कंपन्यांना सल्ला द्यायला कोण असतात? कुणी बघितलंय का?

पावसाळी_व्हँकुव्हर
आमच्या गावातलंच, म्हणजे कॅनडातल्या व्हँकुव्हरचं उदाहरण आहे, इंडोचिनो. २००७ मध्ये काइल वुको आणि हेकल गानी या युनिव्हर्सिटी ऑफ व्हिक्टोरियाच्या दोन पोरांनी मापाचे सूट नेटवर विकायला सुरू केले, दोघांपैकी कुणीही कपड्याच्या धंद्यातला नाही. आता सुरुवातीला पैसे घालणारे आणि पाठीशी उभे राहणारे कोण होते ते बघ, एक हानेस ब्लूम, जे जुनी पुस्तकं ऑनलाइन विकणाऱ्या एबबुक्सचे सीईओ होते (तीही व्हिक्टोरियाचीच, २००८ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली), आणि दुसरे जेफ मॅलेट, याहूचे माजी सीओओ, म्हणजे रोजचा कारभार बघणारे. म्हणजे एक पुस्तकवाला आणि एक याहूवाला, शिंपी कुणीच नाही 😄 पण त्या काळाच्या हिशोबाने बरोबरच होतं म्हणा, कारण न बघता न घालून बघता माणूस सूटचे पैसे आधी भरेल का हाच मोठा प्रश्न होता आणि अनोळखी गिऱ्हाइकाकडून नेटवर पैसे कसे घ्यायचे हे या दोघांना माहीत होतं.

नंतर व्हेंचर कॅपिटलवाले आले. २०१५ मध्ये सीईओ बदलले, ड्र्यू ग्रीन आले, तेही ई-कॉमर्समधलेच, आधी शॉप डॉट सीए काढलेली. मग २०१६ मध्ये चीनमधल्या डालियानच्या दायांग ग्रुपने ३ कोटी डॉलर घातले, हे मात्र पक्के सूट शिवणारे लोक. यांच्याच ट्रँड्स ब्रँडच्या सुटांचं वॉरन बफे यांनी २००९ मध्ये व्हिडिओ करून कौतुक केलं होतं. २०१८ मध्ये जपानच्या मित्सुईचे पैसे आले. एकीकडे शोरूमही वाढवत नेल्या, आता बरेच लोक तिथे जाऊन माप देतात. म्हणजे आधी नेटवाले, मग पैसेवाले आणि शिवणारे त्यानंतर. तुझ्या मित्राने हाच क्रम धरावा असं मी म्हणत नाही हां, त्यांच्याकडे पैसा होता, चुका पचवता आल्या असतील.

काजबटण
मी सोलापूरला युनिफॉर्मच्या युनिटमध्ये प्रॉडक्शन बघतो. त्या एक्स्पोर्टवाल्या बाईंना आधी घ्या, बाकीचे नंतर.

का ते सांगतो. रेडीमेड शर्ट परत आला की घडी घालून दुसऱ्याला विकता येतो, मापाचा परत आला की तो कुणाच्याच कामाचा नाही, कापड गेलं शिलाई गेली कुरियर दोन्ही बाजूचं गेलं. आणि परत का येतो तर गिऱ्हाईक घरी स्वतःच टेप लावतं, श्वास आत ओढून पोटाचं माप घेतं, खांद्याचा उतार तर कुणी मोजतच नाही. एक खांदा खाली असलेली माणसं किती असतात ते आमच्या मास्टरांना विचारा, ते दारातून आत येणाऱ्याकडे बघूनच सांगतात. साइटवर तो खांदा दिसत नाही, मग कॉलरखाली मागे आडवी चुणी पडते आणि गिऱ्हाईक फोटो टाकतं की हे काय शिवलंय. हे बोर्डावर कुणाला तरी कळायला हवं ना. मार्केटिंगवाला ऑर्डरी दुप्पट करेल त्याबरोबर परत येणारे शर्टही दुप्पट होतील आणि तोपर्यंत त्याचं प्रेझेंटेशन होऊन गेलेलं असेल.

फक्त एक विचारून घ्या, त्या बाईंचं काम एका मापाचे हजारो नग काढायचं होतं की सुट्ट्या ऑर्डरचं? एक्स्पोर्टमध्ये थराच्या थर एकदम कापतात, इथे प्रत्येक शर्टाचं कटिंग वेगळं. दोन्ही कपडाच, पण डोकं वेगळं लागतं.

नियमाप्रमाणे
सीएस (कंपनी सेक्रेटरी) आहे म्हणून थोडं कोरडं लिहितो. प्रायव्हेट कंपनीला कायद्याने कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात, ते आहेत. इंडिपेंडंट डायरेक्टर, म्हणजे कंपनीशी देणंघेणं नसलेले बाहेरचे, सक्तीचे नाहीत. त्यामुळे त्या काकांना "नावाला" घेत असाल तर घेऊ नका, नावाला डायरेक्टर असं काही नसतं. कंपनीने सलग तीन वर्षं हिशोब भरले नाहीत तर डायरेक्टर अपात्र ठरतो, २०१७ मध्ये असे लाखांनी अपात्र ठरले आणि त्यात कुणाच्या तरी भिडेखातर सह्या करून बसलेले खूप होते. शिवाय बारा महिन्यांत एकाही बोर्ड मीटिंगला आले नाहीत तर पद जातं.

ज्यांचा फक्त सल्ला हवाय त्यांना सल्लागार ठेवा, साधं पत्र द्या, फी ठरवा, मतदान नाही जबाबदारीही नाही. इन्व्हेस्टरचा माणूस बोर्डावर येणारच, तिथे भांडू नका, त्याऐवजी कुठल्या निर्णयाला त्याची संमती लागणार ती यादी करारात नीट वाचा. खरा ताबा तिथे जातो.

आणि दायांगसारखं शिवणाराच भागीदार झाला आणि बोर्डावर बसला तर शिलाईचा दर ठरवताना तो दोन्हीकडून बोलणार. कंपनी कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे त्याने आपला हितसंबंध आधी सांगायला हवा, प्रायव्हेट कंपनीत सांगितल्यावर चर्चेत बसता येतं. मिनिट्समध्ये (मीटिंगच्या नोंदीत) ते लिहा.

हातमाग_प्रेमी
आयआयटी-आयआयएमवाल्याबद्दल कुणीच काही बोललं नाही, बिचारा 😂

काजबटण
@हातमाग_प्रेमी तो मापावरून पॅटर्न काढणारं सॉफ्टवेअर बघणार असेल तर सोन्यासारखा आहे, एक्सेल दाखवणार असेल तर चहा पाजून सोडा.

इस्त्रीची_घडी
धन्यवाद सगळ्यांना, मित्राला लिंक पाठवली. बाईंना फोन लावून विचारलं, त्यांच्याकडे सगळं मोठ्या लॉटचंच काम होतं, पण सॅम्पलिंगचं डिपार्टमेंट बारा वर्षं त्याच सांभाळायच्या, तिथे एकेक नग वेगळा शिवला जायचा म्हणे. @काजबटण हे चालेल का? आणि @नियमाप्रमाणे, संमतीच्या यादीत "कुठल्याही नवीन कारागिराची नेमणूक" असं लिहिलंय, हे काढायला सांगू ना?

नियमाप्रमाणे
लगेच. उद्या एक काजवाला सोडून गेला तर इन्व्हेस्टरच्या ईमेलची वाट बघत बसाल.

काजबटण
सॅम्पलिंगवाल्या असतील तर डोळे झाकून घ्या.