गोचीड कुत्र्यावर कमी, बाजेत जास्त

धाकटी सून (गावाहून):
सर्वांना नमस्कार. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर एरवी वाढदिवस आणि भावकीतल्या लग्नपत्रिकाच येतात, पण आज घरातली एक अडचण मांडते आहे. ज्यांना जे ठाऊक असेल त्यांनी ते सविस्तर लिहावे. या पावसाळ्यात आपल्या कुत्र्याच्या, काळूच्या अंगावर गोचीड इतके झाले आहेत की त्याच्या कानाखाली बोट घातले तर एरंडीच्या बिया चिकटवून ठेवल्यासारखे लागते. आठवडाभर रोज संध्याकाळी मी ते वेचते आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा दिसतात. परवा बाळाच्या दुपट्यावर एक गोचीड चालताना सापडला. बाळ आठ महिन्यांचे आहे, ओसरीभर रांगते, आणि हाताला लागेल ते तोंडात घालते, हे तुम्ही सर्वांनी गेल्या महिन्यात पाहिलेच आहे. म्हणून मी ह्यांना म्हणाले की काळूला काही दिवस शेतातल्या खोपडीत बांधावे. ते बोलणे मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कानावर गेले आणि त्या रात्री ते ताटावरून न जेवता उठले. मला त्यांचे मन दुखवायचे नव्हते, पण बाळाचेही पाहावे लागते.

आता आजची गोष्ट अशी की ह्यांनी औषधाच्या दुकानात विचारले, तेव्हा तिथल्या माणसाने सांगितले की कापसाच्या पऱ्हाटीवर फवारता तेच औषध झाकणभर घेऊन बादलीभर पाण्यात टाका आणि कुत्रा धुवून काढा, एका दिवसात साफ होईल. बाटली घरी आली आहे. उद्या सकाळी धुवायचे ठरले आहे.

मोठे भाऊजी (अमरावती):
सूनबाई, ती बाटली उघडू नका. बाटलीवरच्या चौकोनात त्रिकोण असतो, तो कोणत्या रंगाचा आहे ते पाहून लगेच कळवा.

धाकटी सून (गावाहून):
लाल आहे, भाऊजी.

मोठे भाऊजी (अमरावती):
लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल वर्ग. त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणी विसरले असेल असे मला वाटत नाही. ती माणसे औषध प्यायली नव्हती; पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा अंगावर, श्वासात येत होता. मोठ्या माणसाला जे कातडीतून आणि नाकातून बाधते, ते अंग चाटून काढणाऱ्या जनावराला किती बाधेल याचा विचार करावा. आणि त्याच जनावराच्या पाठीवर उद्या बाळ हात ठेवणार आहे.

नणंद (आर्वी):
वहिनी, दादा म्हणतो ते अगदी खरे आहे, कारण हा मूर्खपणा आमच्या घरी झालेला आहे. तीन वर्षांपूर्वी पंपात उरलेल्या पाण्याने आमच्या गड्याने कुत्री धुतली. अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, पाय थरथरू लागले, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. डॉक्टर योगायोगाने शेजारच्या गावात कोणाच्या गाईसाठी आले होते, म्हणून अशा विषबाधेवरचे ॲट्रोपीनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले आणि ती वाचली. त्यानंतर कित्येक दिवस ती बादली पाहिली की गोठ्यात जाऊन दडत असे. तंबाखूचे पाणी लावा असेही कोणी सांगेल, तेही ऐकू नका. तंबाखूतले निकोटीन हेसुद्धा विषच आहे.

मोठी जाऊबाई (अमरावती):
मला तर निराळीच धास्ती वाटते. २०१८ मध्ये नागपूरकडे आणि आपल्या विदर्भात तो स्क्रब टायफस नावाचा ताप निघाला होता, तो गोचिडांमुळेच होतो ना? तसे असेल तर सूनबाईचेच म्हणणे बरोबर आहे, कुत्रा घरापासून दूरच ठेवावा.

पुतणी (नागपूर):
आई, तो गोचिडाने होत नाही. स्क्रब टायफस पसरवते ती चिगर नावाची अगदी बारीक कोळीवर्गीय अळी, जी डोळ्यांना सहज दिसतही नाही. ती झुडपांत आणि वाढलेल्या गवतात असते आणि उंदीर-घुशींच्या अंगावर जगते. त्यासाठी काळूला हाकलण्यापेक्षा न्हाणीमागचे तण कापलेले बरे. आता मूळ प्रश्नाविषयी लिहिते. मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे अजून डॉक्टर झालेले नाही. तेव्हा काकू, औषध आणि त्याचे प्रमाण तालुक्याच्या दवाखान्यातूनच ठरवून घ्यावे. पण गोचीड कसा जगतो हे आम्हाला नीट शिकवले आहे आणि त्यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

कुत्र्यावर आढळणारा तो तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पितो: अळी असताना, मग थोडा मोठा झाल्यावर, आणि शेवटी पूर्ण वाढल्यावर. प्रत्येक वेळी पोट भरले की तो कुत्र्यावरून खाली पडतो आणि पहिल्या दोन वेळा फटीत जाऊन कात टाकतो. त्याला वर चढण्याची खोड आहे, म्हणून तो जमिनीवर न थांबता भिंतीच्या भेगांत, चौकटीच्या मागे, कधीकधी पार छपराच्या कवेलूंपर्यंत जातो. रक्त पिऊन फुगलेली मादी अशाच एखाद्या फटीत हजारो अंडी घालते आणि मरते. पूर्ण वाढलेला गोचीड काही न खाता कित्येक महिने तग धरतो. म्हणजे काकू, तुम्ही रोज वेचता ते काळूवर वाढलेले नाहीत, ते रोज रात्री भिंतीतून उतरून त्याच्यावर चढलेले असतात. काळूला शेतात नेले तर घरातले गोचीड घरातच राहतील आणि भूक लागली की तुमच्यापर्यंत येतील.

म्हणून माझी विनंती आहे की आज रात्री टॉर्च घेऊन आबाजींची बाज पालथी करून पाहावी. बाजेच्या पायांत दांड्या जिथे बसवलेल्या असतात त्या खाचा आणि दोरी जिथे गुंडाळलेली असते तिथली आतली बाजू, या दोन जागा आधी पाहाव्यात.

धाकटी सून (गावाहून):
पाहिली. लिहितानाही अंगावर काटा येतो आहे. चारही पायांच्या खाचांत मोहरी भरून ठेवल्यासारखे गोचीड होते, आणि डोक्याकडच्या दोरीत खसखशीसारखा तपकिरी पुंजका होता, तो बहुधा अंड्यांचा असावा. मामाजी गेली १२ वर्षे याच बाजेवर झोपतात. ते शेजारी उभे राहून सगळे पाहत होते. नंतर एवढेच म्हणाले, "म्हणजे कुत्र्याचा दोष नव्हता."

नणंद (आर्वी):
बाबांना आता चार दिवस हेच पुरेल.

पुतणी (नागपूर):
तो पुंजका अंड्यांचाच आहे. बाज उद्या अंगणात काढून खाचाखाचांत उकळते पाणी ओतावे. दोरी जुनी असेल तर ती सोडवून जाळून टाकावी आणि नवी विणून घ्यावी, कारण धुऊन तिच्यातली अंडी निघत नाहीत. काळूच्या खालचे पोतेही जाळावे. भिंतीच्या भेगा बुजवाव्यात. मातीच्या भिंतीला मातीनेच लिंपून वर चुना दिला तरी चालेल. त्यानंतर घरात वापरण्यासाठीच बनवलेले कीटकनाशक भेगांत आणि चौकटींमागे मारावे, ते पूर्ण वाळेपर्यंत बाळाला त्या खोलीत आणू नये, आणि मांजरीला तर दिवसभर बाहेरच ठेवावे, कारण या औषधांतला पर्मेथ्रिनसारखा वर्ग मांजरीला फार बाधतो. अंडी औषधाने मरत नाहीत, म्हणून हेच सगळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावे लागेल. बहुतेक घरे पहिल्या खेपेला कंबर कसतात आणि दुसऱ्या खेपेचा कंटाळा करतात, आणि मग औषधात दम नाही म्हणून दुकानदाराशी भांडतात.

काळूसाठी वजनानुसार चघळायची गोळी मिळते. एका प्रकारची महिनाभर पुरते, दुसऱ्या प्रकारची १२ आठवडे. थोडी महाग आहे, पण गोचीड चावला की तोच मरतो. अंगावरचे काढताना चिमटा कातडीलगत धरून सरळ ओढावा, पिरगळू नये, नखाने चिरडू नये. रॉकेल लावणे किंवा उदबत्तीचा चटका देणे तर मुळीच करू नये. काढलेले गोचीड साबणाच्या पाण्यात बुडवावेत.

आणखी एक विचारते. काळू जेवतो का? त्याच्या हिरड्या गुलाबी आहेत की फिकट?

धाकटी सून (गावाहून):
दोन दिवसांपासून भाकरीला तोंड लावत नाही. मला वाटले मामाजी जेवले नाहीत म्हणून तोही जेवत नसेल, कारण एरवी त्यांच्या ताटातला शेवटचा तुकडा त्याचाच असतो. हिरड्या पांढरट दिसतात आणि अंग गरम आहे. ह्यांनी काल त्याला घरातली तापाची अर्धी गोळी दुधातून दिली होती.

पुतणी (नागपूर):
काकू, माणसाची तापाची गोळी पुन्हा देऊ नका. कुत्र्याच्या पोटाला आणि यकृताला ती बाधू शकते, आणि मांजरीला तर तिने जीव जातो. काळूला गोचीड ताप असावा असे वाटते, आम्ही त्याला एर्लिकिओसिस म्हणतो. त्यात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, पोटावर लाल-निळे ठिपके येतात, कधी नाकातून रक्त येते. लघवी काळ्या चहासारखी होत असेल तर ते बबेसिया या रक्तातल्या परजीवीचे लक्षण आहे आणि त्याचे औषध वेगळे असते. म्हणून रक्त तपासल्याशिवाय अंदाजाने इंजेक्शन देऊ नये. उद्या सकाळीच त्याला न्यावे, आणि अर्धी गोळी दिल्याचे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

मोठे भाऊजी (अमरावती):
जाण्यायेण्याचा आणि तपासणीचा खर्च मी पाठवतो. त्यावर चर्चा नको.

मामाजींचे म्हणणे (नातवाने लिहून घेतले आहे):
सर्वांना आशीर्वाद. सूनबाईने काळूला शेतात पाठवायचे म्हटले तेव्हा मी रागावलो, त्याचे कारण सांगतो. रात्री रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरे तुरीत शिरली की त्यांच्यामागे धावणारा कुत्रा निराळा आणि खोपडीत साखळीने बांधलेला कुत्रा निराळा. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढे वाढून ठेवलेले ताट आहे. हे मी त्या रात्रीच बोलून दाखवायला हवे होते, ताटावरून उठायला नको होते. बाळाबद्दल सूनबाई जे म्हणाली ते चुकीचे नव्हते. पोरीने नागपूरहून जे सांगितले ते मी स्वतः करून घेईन.

धाकटी सून (गावाहून), २३ दिवसांनंतर:
सर्वांनी विचारपूस केली, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. दवाखान्यात वजन काटा बंद होता, म्हणून काळूला कापूस मोजायच्या काट्यावर उभे केले; तो १८ किलो भरला. रक्तात प्लेटलेट फारच कमी निघाल्या आणि तो गोचीड तापच ठरला. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिनचे २८ दिवस सांगितले असून ती गोळी रिकाम्या पोटी न देता भाकरीच्या घासातून द्यायची आहे. सहाव्या दिवशी त्याने आपणहून ताटली चाटली. बरा दिसतो म्हणून आता गोळ्या थांबवाव्यात असे ह्यांना वाटले होते, परंतु डॉक्टरांनी पूर्ण २८ दिवस बजावले आहेत, तेव्हा राहिलेल्या गोळ्या मी माझ्या डब्यात ठेवल्या आहेत.

लाल त्रिकोणाची बाटली दुकानात परत केली. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, आम्हीही मागितले नाहीत.

बाजेची दोरी मामाजींनी स्वतः सोडली आणि चुलीत घातली. नवी निवार विणायला त्यांना तीन दुपारी लागल्या. भिंती लिंपून झाल्या, औषध एकदा मारून झाले, आणि दुसरी खेप रविवारी आहे. त्या दिवशी बाळाला घेऊन मी सकाळीच शेजारी जाऊन बसणार आहे. बाज आता भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली असते. काळूच्या खाली पोत्याऐवजी जुनी सतरंजी घालतो, ती मी दर शनिवारी उकळत्या पाण्यात टाकते आणि पाणी मामाजी तापवून देतात. काल रात्री टॉर्च लावून मी चारही खाचा पाहिल्या, तर एकाच पायाशी दोन बारीक गोचीड सापडले.

पुतणी (नागपूर):
ते अंड्यांतून आता निघालेले असतील, काकू. रविवारची खेप चुकवू नका, आणि या वेळी वरच्या कवेलूंखालचे वासेही पाहून घ्या.