नायजेरियात पामतेलाचं उत्पादन वाढतंय, मग आयात का थांबत नाही?

कुळागर_वाळपई
नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात माझ्या पोफळी आहेत, शेजारच्या दीड हेक्टरवर ऑइल पाम लावायचा विचार आहे. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, म्हणून तिथलं गणित बघतोय. १९६०च्या सुमारास जगातलं सुमारे ४३ टक्के पामतेल नायजेरियाचं होतं, आज दोन टक्क्यांच्या आसपास. तरी उत्पादनाचा आलेख हळूहळू वरच चाललाय. मग बाहेरून तेल का आणावं लागतं? त्यातलं आपल्याला काय लागू पडतं?

फोंडा_तेलबाजार
आलेख खरा आहे, पण तो खपाच्या आलेखाशेजारी ठेवून बघा. उत्पादन साधारण १४-१५ लाख टन, खप १८ लाखांच्या आसपास. १९६०मध्ये लोकसंख्या साडेचार कोटी होती, आता २२ कोटींच्या वर.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही दोन वेगळी तेलं आहेत. गावोगावचं लाल तेल घरच्या स्वयंपाकात आणि साबणात जातं. तिथे तोडलेले घड दोन-चार दिवस तसेच ठेवतात, म्हणजे फळं हाताने सुटतात. तेवढ्यात फळातलं लायपेज विकर तेल फोडू लागतं आणि मुक्त आम्ल (तेल फुटून सुटणारं मेदाम्ल) १० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. रिफायनरीला ते ५ टक्क्यांच्या आत हवं असतं, नाहीतर शुद्धीकरणात तेलाची घट फार येते. नूडल्स-बिस्किटांच्या कारखान्यांना लागणारं तेल म्हणूनच कमी पडतं. देशातलं बहुतेक तेल छोट्या शेतकऱ्यांचं आणि रानातल्या झाडांचं. एडो राज्यातले ओकोमू, प्रेस्को असे मोठे मळे आणि गिरण्या दर्जेदार तेल काढतात, पण एकूण पुरवठ्यात त्यांचा वाटा लहान.

धोरणाने फार फरक पडला नाही. २०१५मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ज्या ४१ वस्तूंच्या आयातीला परकीय चलन नाकारलं, त्यांत पामतेल होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये ती बंदी उठली. मधल्या काळात शेजारच्या बेनिन देशाच्या सीमेवरून चोरटा माल येतच होता. नवीन लागवडीला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात आणि भरात यायला सात-आठ. आज बंदी घातली म्हणून उद्या तेल कुठून येणार?

रोप_आणि_पाणी
वरचं बरोबर आहे, पण मूळ दुखणं झाडातच आहे. रानातली झाडं बहुतेक ड्युरा जातीची: करवंटी जाड, गर कमी. ड्युरा आणि बिनकरवंटीचा पिसिफेरा यांच्या संकरातून टेनेरा होतो. त्याची करवंटी पातळ, गर ६० टक्क्यांहून जास्त. चांगल्या गिरणीत टेनेराच्या घडाच्या वजनाच्या २० टक्के तेल निघतं, गावच्या पद्धतीने ड्युरातून जेमतेम निम्मं. त्यातून झाडं म्हातारी आणि उंच. दोर बांधून चढणारे मिळत नाहीत, त्यामुळे पिकलेले घड वरच राहतात. पाडेली (नारळ पाडणारे) मिळेनासे झाल्यावर माडांचं काय होतं, हे गोव्यात कोणाला सांगायला नको.

आलेख वाचताना आणखी एक लक्षात ठेवा. पाण्याचा ताण पडला की मादी फुलोऱ्याऐवजी नर फुलोरे येतात आणि त्याचा फटका साधारण दोन वर्षांनी तोडणीत दिसतो. त्यामुळे उत्पादन घटलं की त्याच वर्षीच्या पावसाला दोष देणं चूक.

कुळागर_वाळपई
मग चांगल्या टेनेरा झाडाखालच्या बिया गोळा करून रोपं केली तर?

रोप_आणि_पाणी
अजिबात नको. टेनेराची पुढची पिढी फुटते: साधारण पाव ड्युरा, निम्मी टेनेरा, पाव पिसिफेरा. पिसिफेराची मादी फुलं बहुतेक वांझ. कोणतं झाड कसलं, ते फळ येईपर्यंत कळत नाही, तोवर चार वर्षं गेलेली असतात. नायजेरियातल्या कितीतरी बागांत हाच घोळ आहे, तिथल्याच बेनिन सिटी शहराजवळ निफोर ही ऑइल पाम संशोधन संस्था १९३९पासून असूनसुद्धा. रोपं प्रमाणित संकरित बियांचीच घ्या.

पोफळीत मिसळून लावू नका, याला पूर्ण ऊन लागतं. ९ मीटरच्या त्रिकोणी मांडणीत हेक्टरी १४३ झाडं बसतात, तुमच्या दीड हेक्टरात २१४. आपल्याकडे पाऊस भरपूर, पण सगळा चार महिन्यांत. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला २०० लिटर धरा, म्हणजे रोज सुमारे ४३,००० लिटर. एप्रिल-मेमध्ये विहीर एवढं देते का, ते रोपं आणण्याआधी मोजा.

फोंडा_तेलबाजार
तोडणीचं मी सांगतो. दर १०-१२ दिवसांनी फेरी, आणि घडाखाली पाच-दहा फळं आपोआप गळलेली दिसली की तोड. त्याआधी तोडलं तर तेल भरलेलं नसतं. गळलेली फळं वेचून घडांबरोबरच पाठवा, सर्वांत जास्त तेल त्यांतच असतं. माल २४ तासांत गिरणीत पोचला पाहिजे. तोड पावसाळ्यात जास्त येते, तेव्हा जुलैच्या चिखलात टेंपो बागेपर्यंत येईल का, हेही आत्ताच बघून ठेवा.